पुराचा आकडा कोण ठरवतं? मकरपुऱ्यापासून सांगलीपर्यंत मॉडेलमागच्या माणसाचा शोध

मकरपुऱ्यातून नदी जात नाही. विश्वामित्री पश्चिमेला वडसरच्या बाजूने वाहते, जांबुवा दक्षिणेला. मधल्या सपाटीवर जीआयडीसीच्या शेड, एअरफोर्सच्या ताब्यातला खंडेराव महाराजांच्या काळातला राजवाडा आणि या सगळ्याभोवती वाढत गेलेल्या सोसायट्या. नोकरीधंद्यासाठी बडोद्यात आलेली मराठी कुटुंबंही इथे पुष्कळ आहेत. नदीकाठ नाही म्हणून इथला माणूस निर्धास्त असायचा. आता नसतो. पावसाचं पाणी जायला वाट लागते, आणि ज्या कांसांतून ते जायचं त्या पुढे भरलेल्या नदीला जाऊन टेकल्या, की पाणी जागच्या जागी थांबतं.

२०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. जमिनीवर रेंगाळलेलं ते खोल कमी दाबाचं क्षेत्र, जे पुढे समुद्रात जाऊन 'असना' चक्रीवादळ झालं, त्याने २६ ऑगस्टपासून शहराला झोडपलं. आजवा भरून वाहू लागला, प्रतापपुऱ्याचंही पाणी आलं. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री ३७ फुटांच्या आसपास गेली, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून जास्त वर. पाणी ओसरल्यावर राज्य सरकारने बी. एन. नवलावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातून जाणाऱ्या सुमारे २४ किलोमीटर पात्राचा गाळ काढायचं, ते रुंद करायचं मोठं काम झालं.

या काळात एक वाक्य वारंवार कानावर पडलं: "मॉडेलनुसार." मॉडेलनुसार पात्राची क्षमता इतकी, मॉडेलनुसार इतक्या पावसाला इतकं पाणी. हेच वाक्य इकडे सांगलीत, शिरोळमध्ये, निपाणीत, चिक्कोडीत आपण वीस वर्षं ऐकतो आहोत. अलमट्टीच्या फुगवट्याने पूर येतो की येत नाही, यावर महाराष्ट्राचं एक उत्तर, कर्नाटकाचं दुसरं, आंदोलकांचं तिसरं. प्रत्येकाकडे आकडे आहेत. गंमत अशी की यातलं कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. एकाच नदीवर, बऱ्याच अंशी तीच माहिती घेऊन, तीन वेगळी उत्तरं प्रामाणिकपणे निघू शकतात. ती का निघतात हे समजून घेतलं नाही, तर पुढची वीस वर्षंही आपण एकमेकांच्या तोंडावर अहवाल फेकत बसणार.

एक आकडा, साडेचार हजार टँकर

पुराचं मॉडेल म्हणजे काय, तर पाऊस किती पडला हे सांगायचं आणि नदीत किती पाणी येईल हे काढायचं. मधला हिशोब कॉम्प्युटर करतो. पण जमीन किती पाणी पिते, हे त्याला माणसाने सांगावं लागतं. यासाठी जगभर, आपल्याकडेही, एक जुनी पद्धत वापरतात. माती आणि जमिनीचा वापर पाहून तक्त्यातून 'कर्व्ह नंबर' नावाचा एक आकडा उचलायचा. तो शंभराच्या जितका जवळ, तितकं पाणी मुरण्याऐवजी वाहून जाणार.

आता मकरपुऱ्याचा विचार करा. समजा, मॉडेल करणाऱ्याच्या टेबलावर जुना नकाशा आहे आणि त्यात या पट्ट्याचा एक भाग मोकळं गवताळ रान म्हणून रंगवलेला आहे. पाणी हळू पिणारी माती धरली, तर तक्त्यात आकडा मिळतो ७४. दुसऱ्या माणसाने अलीकडचं उपग्रह छायाचित्र पाहिलं, त्याला पत्रे आणि काँक्रीट दिसलं, त्याने 'औद्योगिक' हा रकाना निवडला. आकडा ९१. दोघांनी तोच तक्ता वापरला. मी दोन्ही आकडे घेऊन १५० मिलिमीटर पावसाचा हिशोब करून पाहिला. पहिल्याच्या मते ७९ मिलिमीटर पाणी वाहून जातं, दुसऱ्याच्या मते १२४. फरक ४५ मिलिमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एका चौरस किलोमीटरवर ४५ मिलिमीटर म्हणजे साडेचार कोटी लिटर, दहा हजार लिटरचे साडेचार हजार टँकर. एवढं पाणी एकाच्या कागदावर आहे आणि दुसऱ्याच्या कागदावर नाही.

ही फक्त एक निवड झाली. अशा निवडी डझनांनी असतात. त्यात काळ्या मातीची आणखी एक तऱ्हा आहे. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात आणि जूनचा पहिला पाऊस ती घटाघटा पिते. ऑगस्टपर्यंत तीच माती फुगून बंद होते, मग वरून पडलेलं जवळजवळ सगळं वाहतं. म्हणजे तीच जमीन, तोच पाऊस, महिना वेगळा तर आकडा वेगळा. आधीच्या दिवसांत जमीन किती भिजली होती, हे मॉडेल करणाऱ्याने ठरवायचं असतं. त्याने 'मध्यम' धरलं की 'पूर्ण भिजलेली', यावर पूर बेताचा येणार की मोठा, हे ठरतं.

पात्राचंही तसंच. नदीचं पात्र पाण्याला किती अडवतं, यासाठी एक खडबडीतपणाचा आकडा असतो. स्वच्छ, सरळ पात्राला साधारण ०.०३. झाडोरा, डोह, वळणं असलेल्या पात्राला ०.०५ किंवा त्याहून जास्त. ०.०३ च्या जागी ०.०५ धरला की त्याच खोलीला, त्याच उताराला वाहणारं पाणी कागदावर ४० टक्क्यांनी कमी होतं. विश्वामित्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की ती कालवा नाही. काठाला झुडपं, मगरी, राडारोडा, मध्येच पुलांचे खांब. २०२५ च्या कामानंतर पात्र मोकळं झालं, तर आकडा खाली आणता येईल. पण दोन पावसाळ्यांत पुन्हा झाडोरा उगवला तर? तेव्हा तो पुन्हा वर न्यायचा निर्णय कोण घेणार, आणि त्याची नोंद कुठे होणार?

दहा जण, एक ओढा

हे सगळं 'तज्ज्ञांना विचारा' म्हणून सुटतं का? जर्मनीत याची चाचणीच झाली. पूर्वेकडच्या लाउझिट्झ भागात कोळशाच्या उघड्या खाणीवर शास्त्रज्ञांनी सहा हेक्टरचं, म्हणजे आपल्या हिशोबात पंधरा एकराचं, कृत्रिम पाणलोट क्षेत्र तयार केलं. नाव 'कोंबड्यांचा ओढा' अशा अर्थाचं. माती त्यांनीच टाकलेली, उतार त्यांनीच दिलेला, त्यामुळे आत काय आहे ते पुरतं माहीत. मग दहा मॉडेलकारांना माती, उतार आणि हवामानाची तीच माहिती दिली. ओढ्यातून खरं किती पाणी आलं, ते मात्र सांगितलं नाही. प्रत्येकाने आपल्या पसंतीचं मॉडेल वापरायचं.

उत्तरं इतकी पांगली की तीन वर्षांचा पाण्याचा खरा ताळेबंद एकालाही जवळपास जमला नाही. कारण शिकण्यासारखं आहे. कागदावर माती बऱ्यापैकी भरड, रेताड होती. त्यामुळे बहुतेकांनी गृहीत धरलं की पाणी मुरणार आणि जमिनीखालून येणार. प्रत्यक्षात बरंचसं पाणी पृष्ठभागावरून धावत गेलं. बाष्पीभवन तर दहापैकी नऊ जणांनी जास्त धरलं होतं.

पुढच्या टप्प्यात त्या दहांना जागेवर नेलं, ओढा दाखवला, एकमेकांशी चर्चा करू दिली. त्याच्याही पुढे आणखी मोजमापं देऊ केली, पण प्रत्येक मोजमापाची खर्चाइतकी किंमत लावून. निष्कर्ष असा निघाला की मॉडेल कोणतं, याच्या इतकंच महत्त्व मॉडेल करणाऱ्याच्या समजुतीला आहे. आणि जागा पाहून, बोलून आलेली समज ही महागडी माहिती विकत घेण्याइतकी उपयोगी पडू शकते.

हा निष्कर्ष मला फार आपल्याकडचा वाटतो. कृष्णाकाठचा म्हातारा शेतकरी सांगतो, पाणी कुठल्या ओढ्यातून आधी मागे शिरतं, कुठला बंधारा बुडाला की गावाचा रस्ता किती वेळात बंद होतो. मकरपुऱ्यातला वॉचमन सांगतो, कुठली कांस कुठे अडते. ही माहिती मॉडेलच्या रकान्यात बसत नाही म्हणून ती गावगप्पांत जमा होते. तिच्याशिवाय तयार झालेला आकडा मात्र दोन दशांश चिन्हांसह छापून येतो.

पाऊस पडलेला की पडणारा?

मॉडेल चालवल्यावरही माणूस संपत नाही. मध्यरात्री धरणावर बसलेला अभियंता आहेच. आजवा सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ च्या सुमारास, शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पूर अडवणं हे त्याचं मूळ काम नव्हतं. आजही त्या पाण्यावर शहराचा मोठा भाग जगतो. ऑगस्टमध्ये तो रिकामा ठेवायचा आणि सप्टेंबरमध्ये पाऊस रुसला, तर मार्चपासून ओरड. भरून ठेवायचा आणि वरून पावागढच्या बाजूने लोंढा आला, तर शहर पाण्यात. यातली कोणती चूक परवडते, हे कुठलंच मॉडेल सांगत नाही. खात्यातला माणूस मात्र एक गोष्ट पक्की जाणतो: धरण रिकामं ठेवून पाऊस आला नाही, तर खुलासा मागतात. भरून ठेवून पूर आला, तर 'अतिवृष्टी' हा शब्द तयार असतो. अशा ठिकाणी निर्णय कुठल्या बाजूला झुकणार, हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही.

सुरतकरांनी हे २००६ च्या ऑगस्टमध्ये भोगलं. उकाईतून विसर्ग नऊ लाख क्यूसेकच्या वर गेला आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. पाणी आधीपासून थोडं थोडं का सोडलं नाही, हा प्रश्न तिथे आजही निघतो.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराची गोष्ट याच वळणाची आहे. जानेवारी २०११ च्या पुरात वरच्या व्हिव्हनहो धरणावरचे अभियंते मुख्यतः जमिनीवर पडून गेलेल्या पावसाच्या हिशोबाने विसर्ग ठरवत होते. अंदाजात असलेल्या पावसावर त्यांनी भर दिला नाही. लोक कोर्टात गेले. २०१९ मध्ये एका न्यायालयाने अभियंत्यांचा निष्काळजीपणा मान्य केला. २०२१ मध्ये अपिलात धरण चालवणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल फिरला. दोन न्यायालयांनी तेच कागद वाचून दोन निकाल दिले, इतका हा प्रश्न अवघड आहे. पण निदान वाद कशावर आहे हे सगळ्यांना कळलं, कारण कोणत्या तासाला कोणता आकडा धरला होता, त्याची नोंद होती आणि ती उघड झाली.

आता आपल्या नदीकडे

कृष्णेवर आपल्याला नेमकी ही नोंद हवी आहे. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला की अलमट्टी आणि हिप्परगी सांगली-कोल्हापूरच्या पुराला कारण नाहीत. कारणं अतिवृष्टीत आणि पात्रातल्या अडथळ्यांत आहेत. सांगलीतल्या अनेकांना ते पटलं नाही, आजही पटत नाही.

दुसरीकडे अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायला ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्येच वाट दिली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलेलं असलं, तरी २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने वाढीव उंचीसाठी भूसंपादनाचा मोबदला ठरवला. महाराष्ट्राने विरोध केला आणि रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या अभ्यासाचा आधार घ्यायचं ठरवलं. म्हणजे पुन्हा एक मॉडेल येणार.

ते आल्यावर पहिलं पान उघडून निष्कर्ष वाचायचा आणि आपल्याला हवा तसा असेल तर पेढे वाटायचे, नसेल तर 'मॅनेज' म्हणायचं, ही आपली रीत आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यात मराठी-कन्नड असा भेद नाही. त्याऐवजी अहवालाच्या पोटात शिरायला हवं. पुराच्या दिवशी अलमट्टीत पाणी कोणत्या पातळीला धरलं? राजापूर बंधाऱ्यापासून हिप्परगीपर्यंत पात्राचा खडबडीतपणा किती धरला, आणि तो कुणी जाऊन पाहिला का? पात्राचे छेद कोणत्या वर्षी मोजलेले आहेत? मॉडेल कोणत्या पुरावर जुळवलं, २००५ च्या की २०१९ च्या? आणि ज्या पुरावर जुळवलं त्याच पुरावर तपासलं, की दुसऱ्या?

यातला एक मुद्दा सहसा कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. नदीतून किती क्यूसेक पाणी जातं, हे रोज थेट मोजत नाहीत. पट्टीवरची पातळी वाचतात आणि एका वक्ररेषेवरून क्यूसेक काढतात. ही रेषा साध्या दिवसांत होडीतून किंवा पुलावरून वेग मोजून तयार होते. महापुरात मोजायला जाणार कोण? तेव्हा वरचा भाग अभियंता अंदाजाने पुढे ओढतो. पाणी काठ सोडून शेतात पसरलं की रेषा कशी वळेल, हा त्याचा निर्णय. म्हणजे ज्या 'प्रत्यक्ष' आकड्याशी मॉडेल जुळलं म्हणून आपण खूश होतो, तो प्रत्यक्ष आकडाही महापुराच्या दिवशी अर्धा माणसाच्या हाताने काढलेला असतो.

आणि याचा थेट परिणाम घरावर होतो. महाराष्ट्रात निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा मॉडेलमधूनच येतात. लाल रेषेवर कुणी घर घेतलं आणि वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर दारात येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवर असेल तर ५६ टक्के. रेषा ओढताना किती वर्षांची नोंद घेतली, २०१९ आणि २०२१ ची वर्षं त्यात धरली की 'अपवाद' म्हणून बाजूला ठेवली, यावर ती रेषा गल्लीच्या अलीकडे येते की पलीकडे जाते. बिल्डरला हे कळतं. घर घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

बडोद्यात सध्या रेषेइतकी ओढाताण नाही, पण प्रश्न तोच आहे. विश्वामित्रीचं काम ज्या आकड्यांवर झालं, ते गुजरातीत, इंग्रजीत, कुठल्याही भाषेत लोकांपुढे मांडायला हरकत नसावी. दक्षिण बडोद्यातून पाणी नेणारी रूपारेल कांस त्या हिशोबात नदीला मोकळी मिळते असं धरलंय, की नदी भरलेली असताना? मकरपुऱ्याच्या शेडना गवताळ रान समजलं की कारखाना? आजव्याची पातळी कोणत्या तारखेला किती ठेवायची, आणि ती बदलायची तर रात्री दोन वाजता सही कुणाची?

सांगली-शिरोळ-चिक्कोडी पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी एवढं तरी करावं. येत्या जूनपासून गावातल्या पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवाव्यात आणि पाणी चढताना दर तासाला मोबाइलने वेळेसकट फोटो काढावेत. खर्च रंगाच्या एका डब्याचा. रुरकीचा अहवाल येईल तेव्हा त्यातल्या पातळ्या या फोटोंशेजारी ठेवून पाहता येतील. मकरपुऱ्यात, वडसरमध्ये सोसायटीच्या गेटवरही ते जमेल.